भुईरिंगणीच्या मुळातली बुरशी

मामीची टोमॅटोची पट्टी विहिरीच्या खालच्या अंगाला होती. साधारण दहा गुंठे. बाकीच्या रानात मामा हळद आणि सोयाबीन घेतात. तिथे मामी दिवसभर कामाला असते, पण तिला कोणी काही विचारत नाही. ही पट्टी मात्र तिची. बी कुठलं आणायचं, रोप कधी लावायचं, काठ्या रोवायच्या की तार ओढायची, हे ती ठरवायची. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कळमनुरीला जाऊन, पोतं अंथरून, त्यावर ढीग मांडून तीच विकायला बसायची.

घरी ती फार बोलत नाही. त्या बाबतीत मी तिच्यावर गेले आहे असं आई म्हणते, म्हणजे रक्ताचं नातं नसताना. पण एकदा मी तिच्याबरोबर बाजारात बसले होते, तेव्हा एक माणूस प्रत्येक टोमॅटो अंगठ्यानं दाबून पाहत होता. मामी त्याला म्हणाली, "दाबून काहून पाहता भाऊ? टमाटं हाय ते. घरचं लेकरू न्हाई गाल वढायला." शेजारी मिरच्या घेऊन बसलेली बाई पदर तोंडाला लावून हसली. माणूसही हसला आणि किलोभर घेऊन गेला. मला वाटलं, ही कोण बाई आहे? हिला तर मी ओळखतच नाही.

सलग दोन वर्षं मर रोगानं ती पट्टी गेली. झाड फुलावर येतं आणि खालची पानं एका बाजूनं पिवळी पडायला लागतात. दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी पुन्हा सावरतं. चार-सहा दिवस असं चालतं, मग एका संध्याकाळी ते सावरत नाही. या रोगाची बुरशी मातीत राहते आणि मुळातून आत शिरते. वरून काहीही फवारलं तरी तिला फरक पडत नाही.

दुसऱ्या वर्षीची वाळलेली झाडं उपटताना मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "आता आणखी एक साल पाहा. न्हाई जमलं तर पुढल्या जूनला इथं हळद. जमीन खराब झाली ह्या पट्टीची. हळदीला काय व्हत न्हाई."

मामांचं चुकत नव्हतं. ही बुरशी हळदीला लागत नाही. दहा गुंठे रान पडीक ठेवायला कोणाला परवडतं? पण पट्टी हळदीत गेली म्हणजे मामीचा बाजार गेला. हळद मोंढ्यात, घाऊक व्यापाऱ्यांकडे जाते, आणि मोंढ्यात मामा जातात. मामी झाडं उपटत राहिली.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आई-वडील वसमतला, मी हिंगोलीला कॉलेजजवळ खोली घेऊन राहत होते. सूक्ष्मजीवशास्त्र हा माझा विषय, आणि पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी काहीतरी शोधायचं होतं. सरांनी वर्गात एकदा सांगितलं होतं की जंगली झाडांच्या मुळांच्या आत काही बुरश्या राहतात. झाडाला त्या त्रास देत नाहीत, उलट बाहेरच्या रोगाला आत येऊ देत नाहीत. त्या दिवशी मामीबरोबर झाडं उपटताना माझं लक्ष पट्टीच्या पलीकडच्या मुरमाड जागेवर गेलं. तिथे भुईरिंगणी पसरली होती. जमिनीला चिकटून वाढणारी, पानापानाला काटे, जांभळी फुलं, गोट्यांएवढी पिवळी फळं. टोमॅटोच्याच कुळातली. तीस पावलांवर टोमॅटो मरत होते आणि ही तिथे पाण्यावाचून हिरवीगार.

मी खुरपं घेऊन तिची मुळं काढायला बसले. मामीनं विचारलं, "त्या काट्याचं काय करतीस? दात दुखून राहिला का?" भुईरिंगणीच्या बियांचा धूर किडक्या दाताला देतात, हे मला तेव्हा कळलं.

"कॉलेजला पाहिजे," मी म्हणाले.

"कॉलेजात काटे बी नेतात व्हय," मामी म्हणाली आणि हाताला बांधायला मला आपलं जुनं फडकं दिलं.

मी एवढंच का बोलले, हे सांगायला हवं. मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठीच, पण शिकण्याच्या गोष्टी माझ्या डोक्यात इंग्रजीत असतात. गावी गेलं की त्या मराठीत आणताना वाक्य आधी मनात जुळवावं लागतं, आणि जुळेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. लहानपणी मामीच्या अंगणात मी "मला तहान लागली आहे" असं म्हणाले होते. शेजारच्या काकूंनी ते वाक्य आठवडाभर वापरलं. मला पाहिलं की म्हणायच्या, "आली बाई, तहान लागली आहे." वाईट हेतू नव्हता त्यांचा. तरी मी तेव्हापासून गावात गरजेपुरतंच बोलते. पुढे जे झालं त्याला ही सवय कारण आहे, असं मला वाटतं. निदान मी तरी ते दुसऱ्या कशावर ढकलू शकत नाही.

प्रयोगशाळेतलं काम मला आवडायचं, कारण तिथे बोलावं लागत नाही. मुळं धुवायची, स्पिरिटमधून काढायची, ब्लीचमध्ये बुडवायची, पुन्हा धुवायची, म्हणजे बाहेरची घाण मरते आणि जे आत आहे तेच उरतं. मग त्यांचे बारीक तुकडे करून बशीत ठेवायचे. बशीत उकडलेल्या बटाट्याचं पाणी आणि साखर घालून केलेली खळ असते. सात-आठ दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या टोकातून पांढरे धागे बाहेर येतात. एका मुळातून पाच-सहा तऱ्हेच्या बुरश्या आल्या. त्या प्रत्येकीसमोर मी त्याच बशीत मर रोगाची बुरशी लावली. बहुतेकींना तिनं झाकून टाकलं. एक मात्र हळू वाढणारी होती, मधोमध राखाडी आणि कडेला पांढरी. तिच्यासमोर मर रोगाची बुरशी काडीभर अंतरावर येऊन थांबली. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. दोघींमध्ये तेवढी रिकामी जागा तशीच राहिली.

सरांनी बशी उजेडाकडे धरून पाहिली. "हं," म्हणाले. "पुढे बघा."

पुढे मी कॉलेजच्या गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावले. मातीत मर रोग मिसळला आणि अर्ध्या रोपांच्या मुळांना ही राखाडी बुरशी दिली. दिलेली बहुतेक रोपं उभी राहिली, न दिलेली गेली. त्या दिवशी मी गच्चीवरून खाली आले नाही बराच वेळ. कोणाला फोनही केला नाही. मामीची पट्टी वाचेल, असं मी मनात सुद्धा नीट म्हणून पाहिलं नाही, पण ते तिथे होतं.

कुंडीपुरती बुरशी बशीत वाढते. दहा गुंठ्यांना लागेल एवढी वाढवायला धान्य लागतं. ज्वारी अर्धवट शिजवायची, पिशव्यांत भरून कुकरमध्ये निर्जंतुक करायची आणि तिच्यावर बुरशी सोडायची. दोन आठवड्यांत दाणा दाणा राखाडी होतो. मी मामीला फोन करून थोडी ज्वारी मागितली.

मामीला इतका आनंद होईल असं मला वाटलं नव्हतं. खोलीवर मी ब्रेड आणि मॅगी खाते, हे तिला आईकडून कळलेलं होतं. तिला वाटलं, पोरगी शेवटी भाकरीवर आली. मामा काही कामानं हिंगोलीला आले तेव्हा त्यांच्याकडे तिनं पिशवी दिली. शाळूची ज्वारी, पाखडून, निवडून, एक खडा नाही. पिशवीचं तोंड सुतळीनं शिवलेलं. संध्याकाळी फोन आला.

"भाकरी जमती का तुला थापायला?"

"हो."

"पीठ कोमट पाण्यात मळ. गार पाण्यात मोडती."

"हो मामी."

मामीच्या घरात भाकरीवर बुरशीचा ठिपका जरी दिसला तरी ती कोणाला न दाखवता उकिरड्यात नेऊन पुरते. अन्न नासू दिलं ही तिच्या लेखी बाईची मोठी चूक. आता तिची निवडलेली ज्वारी मी मुद्दाम नासवली, त्यातच सगळं यश आहे, हे तिला कसं सांगायचं? मी ते नंतरसाठी ठेवलं. टोमॅटो लागले की सांगू, तेव्हा ती हसेल.

सप्टेंबरच्या शेवटी लागवड होती. मी ज्वारी पाण्यात खळबळून, फडक्यानं गाळून, ते गढूळ पाणी चार डब्यांत भरून बसनं घेऊन गेले. दोन डबे लागवडीला, दोन दहा दिवसांनी मुळाशी द्यायला.

मामा ओट्यावर होते. "काय गं हे?"

मी बसमध्ये वाक्य जुळवलं होतं. ही बुरशी आहे, ती जिवंत आहे, ती चांगली आहे. पहिल्या तुकड्यावरच अडले. बुरशी म्हटल्यावर मामीचा चेहरा कसा होईल ते मला दिसलं.

"औषध," मी म्हणाले.

"कोणत्या कंपनीचं?"

"कॉलेजचं."

"कॉलेज औषध बी काढून राहिलं आता," मामा म्हणाले. "मास्तर लोकाला पगार पुरना वाटतं."

लागवडीला मामी, मी आणि गावातल्या दोन बाया होत्या. रोपं मामीनं स्वतः वाफ्यावर केलेली. मी घमेल्यात डब्यातलं पाणी ओतलं आणि मुळं अर्धा तास बुडवून ठेवायला सांगितली. एक बाई म्हणाली, "टमाट्याला बी हळद लावायची म्हणता काय, लग्न हाय का त्याचं?" मामी म्हणाली, "शिकेल बाई सांगून राहिली तर आयक. तू शिकली असतीस तर तुझं आयकलं असतं." मला बरं वाटलं. मी मान खाली घालून रोपं मोजत होते.

कडेच्या दोन ओळी मी तशाच लावायला सांगितल्या.

"काहून?" मामीनं विचारलं.

"ह्यांना औषध द्यायचं नाही. बघायला."

"काय बघायला?"

"फरक पडतो का ते."

"म्हंजे ह्या मरत्यात का ते बघायला."

"हो."

"लय कठीण काळजाची हायेस गं तू," ती म्हणाली. बाया हसल्या, मीही हसले. माझ्या दृष्टीनं तो विषय संपला होता.

परत जाताना उरलेले दोन डबे मी माठाशेजारी ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवले. दहा दिवसांनी बादलीत मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाशी दे, ऊन लागू देऊ नको, एवढं मामीला सांगितलं. मला स्वतः यायचं होतं, पण त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा होती. दहाव्या दिवशी फोन केला.

"दिलं का औषध?"

"दिलं की. बराबर दिलं. तू अभ्यास कर."

दिवाळीनंतर गेले तेव्हा पट्टी छान होती. झाडं कमरेला आली होती, खालच्या घोसांत हिरवी फळं धरली होती. मामीनं सगळीकडे सुतळी बांधून काढली होती. मामा एरवी त्या बाजूला फिरकत नाहीत. त्या दिवशी ते उगाच पट्टीतून चालून आले आणि म्हणाले, "जमलं वाटतं तुमचं दोघीचं." मामी मला बाजाराचं सांगत होती. पहिला तोडा आला की तूही चल, तुला तोलायला, ताजवा धरायला बसवते. मी हो म्हणाले. मी मात्र कडेच्या दोन ओळींकडे पाहत होते. त्याही तितक्याच हिरव्या होत्या. अजून वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन आठवड्यांनी मामीचा फोन आला. ती फोनवर कधी आधी बोलत नाही, पण या वेळी मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाली, "मधल्या ओळीतलं एक झाड दुपारी पडलं."

मी रविवारी गेले. एक नव्हतं, बरीच होती. मी एक झाड उपटून ब्लेडनं खोड उभं चिरलं. सालीच्या आत तपकिरी रेघ होती, बुडापासून वरपर्यंत. त्या रेघेचे फोटो मी पुस्तकात इतके पाहिले होते की क्षणभर मला नीट ओळखता आलं याचंच समाधान वाटलं. मग मामी शेजारी उभी आहे हे लक्षात आलं.

मी कडेच्या दोन ओळींपाशी गेले. तिथेही तेवढीच पडली होती. जास्त नाही, कमी नाही.

"मामी, ह्या दोन ओळींना काही दिलं होतं?"

"दिलं."

"नको म्हणाले होते मी."

"उपाशी लेकरावाणी उभ्या होत्या त्या. सगळ्याला पाजायचं आन त्यांच्या पुढून बादली घेऊन जायची, मला न्हाई झालं. तू थोडीच होतीस पाहायला."

मग मला एक गोष्ट सुचली. "डबे दोनच होते. पुरलं कसं?"

"न्हाईच पुरलं. ह्यांनी त्याच दिवशी हळदीला कंदकुजीची आळवणी लावली होती, त्या ड्रममधलं होतं उरलेलं. ते कालवलं तुझ्यात. दोन्ही एक केलं आन समद्या पट्टीला दिलं बराबर." तिनं माझा चेहरा पाहिला. "काहून? दोन औषधं मिसळून देतो की आमी. नेहमीच देतो. ताकद वाढती."

कंदकुजीचं औषध, पाण्यात कालवून आळवणी म्हणून मुळाशी ओततात ते, बुरशीनाशक असतं. हळदीच्या गड्ड्याला कुजवणाऱ्या बुरशीसाठी. मामांच्या रानात ते दरवर्षी दिलं जातं, आणि एका पंपात दोन औषधं कालवणं इथे घरोघरी चालतं. दुकानदारही तसंच सांगतात. मामीनं एकही वेडेपणाची गोष्ट केली नव्हती. मी तिला औषध दिलं होतं आणि तिनं औषधाशी जसं वागतात तसंच केलं होतं. ते बुरशीनाशक मर रोगाला आवरायला पुरलं नाही. माझ्या बुरशीला मारायला पुरलं.

मी मुळं पिशवीत घालून हिंगोलीला आणली, धुतली, तुकडे केले, बशीत ठेवले. प्रत्येक तुकड्यातून मर रोगाची गुलाबीसर पांढरी बुरशी आली. राखाडी एकाही तुकड्यातून आली नाही. सर म्हणाले, तुलनेची ओळ उरली नाही, वर बुरशीनाशक गेलेलं, या शेतातल्या प्रयोगाला काही अर्थ नाही. हे प्रकरण प्रबंधातून काढून टाका. बशीतलं आणि कुंडीतलं चांगलं आहे, तेवढं पुरे.

खरं तर औषध कालवलं नसतं तरी पट्टी वाचलीच असती, असं मी म्हणू शकत नाही. कुंडी वेगळी आणि रान वेगळं. आता ते कळायला मार्ग नाही.

मी पुन्हा करायचं ठरवलं. उन्हाळी टोमॅटो लावता येतो, जूनला अजून वेळ होता. पण राखाडी बुरशी जपून ठेवलेल्या फ्रिजमधल्या नळ्या काढल्या तर त्यांच्यावर हिरवा बुरा होता. दिवाळीच्या सुट्टीत वायरिंगच्या कामासाठी इमारतीची वीज बंद होती, आणि फ्रिजकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. मीही जाताना कोणाला सांगितलं नव्हतं. त्या हिरव्याखालून माझी राखाडी वेगळी काढायचा मी महिनाभर प्रयत्न केला. मग म्हटलं, मूळ जागेवरून पुन्हा आणू. जानेवारीत गेले तर मुरमाड जागा नव्हती. रस्त्याच्या कामाला मुरूम लागला होता, मामांनी तो उचलायला दिला होता. तिथे पुरुषभर खोल खड्डा होता आणि तळाशी थोडं पाणी. मी दुसरीकडून भुईरिंगणी आणल्या. शिरड शहापूरच्या बाजूनं, कुरुंद्याच्या बाजूनं, हिंगोलीच्या रेल्वेफाटकाजवळून. मुळांतून बुरश्या निघाल्या, पण मर रोगासमोर एकही थांबली नाही.

जानेवारीतल्या त्याच दिवशी, खड्डा पाहून झाल्यावर, मी मामीबरोबर पट्टी उपटायला लागले. सुतळ्या सोडायच्या, काठ्या बाजूला, झाडं ढिगावर. टोमॅटो काही झाडांना होते, लिंबाएवढे, अवेळी पिकलेले, पातळ सालीचे. बाजारात मांडण्यासारखे नव्हते. अर्ध्याहून जास्त झाल्यावर मी म्हणाले, "मामी, ते औषध नव्हतं."

"मग?"

"बुरशी होती. त्या भुईरिंगणीच्या मुळातली. जिवंत होती. ती मर रोगाला आत येऊ देत नाही. हळदीचं औषध बुरशी मारायचं असतं, म्हणून ती मेली."

मामी हातातलं झाड धरून उभी राहिली. मला वाटलं आता ती पट्टीचं काही म्हणेल.

"इतकी कुठं वाढवली?"

"ज्वारीवर."

"मी दिलेल्या?"

"हो."

"म्हंजे भाकरी तू खाल्लीच न्हाईस," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणाले.

ती पुन्हा उपटायला लागली. दोन-तीन झाडांनंतर, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जित्तं होतं तर सांगायचं व्हतं. जित्त्या जीवात कोणी जहर कालवलं असतं का? मी काय येडी हाय?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळानं मामा विहिरीकडून आले. ढीग पाहून म्हणाले, "एवढं कॉलेजचं औषध देऊन बी?"

"औषधाला काय करता," मामी म्हणाली. "रोपंच माझी कच्ची निघाली औंदा."

मी तिथेच उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

मे महिन्यात माझा प्रबंध झाला. चांगले गुण मिळाले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बशीचे फोटो पाहून विचारलं, शेतात करून पाहिलं का? सर बसले होते तिकडे मी पाहिलं आणि नाही म्हणाले. काळ्या कव्हरच्या त्या पुस्तकात मामीची पट्टी कुठेच नाही. आभाराच्या पानावर तिच्याबद्दल एक ओळ होती, पण शेतातलं प्रकरण काढल्यावर ती कशासाठी, असा प्रश्न येईल म्हणून मी ती पण काढली.

जूनमध्ये मामांकडे हळदीची लागवड होती, माणसं कमी होती, म्हणून मी गेले. पट्टीत ट्रॅक्टरनं गादीवाफे पाडून झाले होते. ड्रममधल्या औषधात हळदीचं बेणं बुडवून काढलेलं, पोत्यांवर निथळत होतं. मामा ओळीच्या तोंडाशी उभे होते. मी बरेच दिवस एक वाक्य जुळवत होते आणि या वेळी ते पूर्ण म्हणाले.

"मामा, दोन गुंठे तरी मामीला टोमॅटोला ठेवा. दुसऱ्या जागी, वरच्या रानात. मी मदत करते."

मामा रागावले नाहीत. उलट मी इतकं बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "ते तुझं जित्तं औषध हाय का आता तुझ्याजवळ?" त्यांनी विचारलं. म्हणजे मामीनं त्यांना पुढे कधीतरी सांगितलं होतं.

"नाही."

"कव्हा येईल?"

"माहीत नाही. येईलच असं नाही."

"मग काय भरवशावर लावायचं बाई?" ते म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते.

मामी पलीकडच्या वाफ्यावर वाकून गड्डे लावत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, ती काहीतरी म्हणेल, निदान एक गुंठा तरी मागेल म्हणून.

"राहू दे गं," ती म्हणाली. "मलाच आता न्हाई होत बाजार. तीन साल झालं, कंबर लागती बसून."

तिची कंबर दुखत नव्हती. दिवसभर ती माझ्या दुप्पट वेगानं वाकून लावत होती. मामा पाणी सोडायला विहिरीकडे गेले. मी घमेल्यात गड्डे भरून घेतले आणि तिच्या शेजारच्या वाफ्यावर बसले. किती अंतरावर लावायचे ते तिनं मला एकदा वीत टाकून दाखवलं.